मिसळ, द्राक्षं आणि बोंबील: नव्या जोडप्यासाठी सहा दिवसांचा गाडीप्रवास

लग्न ठरलं की मधुचंद्राचा विषय निघतो आणि सगळे थेट विमानाची तिकिटं बघायला लागतात. खाण्यापिण्याची आवड असलेल्या जोडप्याला मी मात्र सांगते: गाडी काढा आणि इगतपुरी, नाशिक, जव्हार, बोर्डी असा फेरा मारा. सह्याद्री उतरून समुद्राला भेटणारी ही वाट आहे. साडेतीनशे-चारशे किलोमीटरांत द्राक्षबाग, काळा मसाला, नागलीची (नाचणीची) भाकरी, पारशी रसोई आणि कोळीवाड्यातली मासळी असं सगळं भेटतं. आम्ही हाच प्रवास लग्नानंतर केला आणि पुढे दोनदा पुन्हा केला. पहिल्या वेळी ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी तारीख, मग बाकी सगळं

हॉटेल शोधायच्या आधी कॅलेंडर उघडा. नाशिकची वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च या काळात उतरतात. स्पार्कलिंगची, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनची, आणि पांढऱ्या वाइनची आधी, लाल वाइनची मागून. एप्रिलात खरड छाटणी होते, म्हणजे वेल पार मागे कापतात, आणि त्यानंतर बागेत बघण्यासारखं फार उरत नाही. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण वेलीवर घड नसतो. म्हणजे हा प्रवास जानेवारी-फेब्रुवारीचा.

आपल्याकडे ही वेळ आणखी एका कारणाने जुळते. मार्गशीर्षात लग्न झालं असेल तर पुढचा पौष महिना मोकळा असतो. पौषात सहसा लग्नं नसतात, त्यामुळे चुलतबहिणीच्या हळदीला थांबा म्हणून कोणी अडवत नाही. अडवते ती पहिली संक्रांत. नव्या सुनेची काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू हे सगळं घरच्यांनी हौसेनं ठरवलेलं असतं आणि ते चुकवू नये. संक्रांत घरी करा, एक दिवस विश्रांती घ्या आणि १६ जानेवारीच्या आसपास निघा. २६ जानेवारीच्या आत परत या, कारण त्या दिवशी दारूविक्री बंद असते आणि जोडून सुट्टी आली की नाशिकच्या रस्त्यांवर हलायला जागा नसते. निवडणूक असेल तर मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तासही कोरडे असतात, तेही तपासा. शक्यतो कामाचे वार धरलेत तर खोल्या स्वस्त मिळतात आणि वाइनरीतला माणूस तुमच्याशी निवांत बोलतो.

नाशिकला ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या सुमारास नाशिक आणि त्र्यंबक दोन्ही टाळा.

एकमेकांना विचारायचे चार प्रश्न

ठरवून झालेलं लग्न असेल तर हे जास्तच गरजेचं आहे. आपला जोडीदार वाइन पितो का? चव घ्यायची इच्छा आहे, की तुमच्या आग्रहापोटी हो म्हणतोय? मासे-मटण चालतं का? आणि उपास कोणते? संकष्टी, गुरुवार, एकादशी यांतला एखादा दिवस सहा दिवसांत बहुधा येतोच. तो दिवस जव्हारला टाकता येतो, पण आधी माहीत असलं तर. दोघांपैकी एक जण अजिबात घेत नसेल तरी प्रवास बिघडत नाही. बाग, खाणं आणि समुद्र तेवढेच राहतात, शिवाय गाडी कोण चालवणार हा प्रश्न आपोआप सुटतो.

कुलदैवताचं दर्शन राहिलं असेल तर तेही आधीच बोलून घ्या. नाशिककडच्या कितीतरी घरांची कुलदेवी वणीची सप्तशृंगी आहे. गड नाशिकपासून साधारण साठ किलोमीटरवर, वाट दिंडोरीच्या द्राक्षबागांमधून जाते. म्हणून लोक म्हणतात, एकाच दिवशी दोन्ही उरकू. तसं करू नका. दर्शनाचा दिवस दर्शनाचाच ठेवा. सासूबाईंना फोनवर काय सांगायचं याची चिंता मनात असली की वाइनची चव लागत नाही.

गाडी आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका.

चाखायच्या दिवशी स्वतःची गाडी हलवायची नाही. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, तिला सरबत समजू नये. त्यापेक्षा दिवसभरासाठी स्थानिक टॅक्सी ठरवा किंवा वाइनरीच्या आवारातच मुक्काम करा.

महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. हातावरची मेंदी उतरलेली नसली तरी ओळखपत्र मागतात, दोघांचंही जवळ ठेवा. बाटल्या विकत घेतल्या की बिल जपून ठेवा आणि त्या बाळगायच्या परवान्याचं तिथेच विचारून घ्या.

सगळ्यात मोठी सूचना गुजरातच्या हद्दीची. गुजरातेत दारूबंदी आहे. बोर्डीपासून हद्द अगदी हाकेवर आहे, सापुतारा तर गुजरातेतच येतं. मोबाइलचा नकाशा नाशिकहून डहाणूकडे जाताना कधीकधी पेठ-धरमपूरकडून वळवतो, म्हणजे डिकीतल्या बाटल्यांसकट गुजरातेत. म्हणून नकाशात त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा हे थांबे स्वतः घाला. तेवढ्याने सगळा रस्ता महाराष्ट्रातच राहतो. बोर्डीहून गुजरातेतल्या उदवाड्याला पारशांच्या अग्यारीचं गाव बघायला जायचं असेल तर बाटल्या खोलीवर ठेवून जा.

पहिला दिवस: इगतपुरी

मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांना आता समृद्धी महामार्ग आमणे इथून मिळतो. त्याचा इगतपुरीपर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. वेळ वाचतो. पण कसारा घाट मात्र चुकतो, आणि नव्या जोडप्याला घाई नसते, म्हणून मी जुनाच रस्ता सुचवेन. पुण्याहून येणारे नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असे येतात. नारायणगावातून जाताना एवढं लक्षात ठेवा की भारतातल्या आधुनिक वाइनची गोष्ट इथून सुरू झाली. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी इथे फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग वाइन बनवायला घेतली होती.

इगतपुरी तालुक्यात सांजेगाव-कावनईच्या बाजूला ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने या वाइनरी आहेत, मुकणे धरणाचं पाणी जवळ आहे. नाशिकच्या गंगापूर भागापेक्षा इथे गर्दी कमी. पहिल्या दिवशी एकच वाइनरी बघा, आधी फोन करून वेळ घ्या आणि संध्याकाळी पाण्याकडे बघत बसा. लग्नाच्या धावपळीचा थकवा त्या रात्री बाहेर पडतो. दुसरं काही ठरवू नका. स्वेटर मात्र घ्या, जानेवारीत रात्रीचा पारा खूप खाली जातो.

दुसरा आणि तिसरा दिवस: नाशिक

आमची चूक इथे झाली. एका दिवसात चार वाइनरी ठरवल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर झाली होती, समोरच्या पेल्यात काय आहे ते कळेना. दुपारचं जेवण राहून गेलं होतं, डोकं दुखत होतं आणि परतताना टॅक्सीत आम्ही लग्नानंतरचं पहिलं खरं भांडण भांडलो. तेव्हापासून नियम केला: दिवसाला दोन, मध्ये पोटभर जेवण. दर पेल्यामागे एक ग्लास पाणी.

गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा या तिन्ही वाइनरी एकमेकींपासून थोड्या थोड्या अंतरावर आहेत. राजीव सामंत यांनी सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि या धंद्याला बळ मिळालं. नवख्यांनी सुला एकदा बघावी, कारण तिथे सगळी प्रक्रिया नीट समजावून सांगतात आणि हंगामात शनिवार-रविवारी द्राक्षं तुडवायलाही मिळतात. शांतता हवी असेल तर संध्याकाळी यॉर्कच्या गच्चीवर बसा, समोर पाणी आहे.

जमलं तर सकाळी लवकर बागेत जायची परवानगी मागा. थंडी असतानाच तोडणी उरकतात, कारण उन्हाने तापलेला घड क्रेटमध्ये पडला की लगेच आंबायला लागतो. वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून बघा. आपण बाजारातून आणतो ती थॉम्पसन लांबट, पातळ सालीची, बिनबियांची. हा मणी जेमतेम वाटाण्याएवढा, साल जाड, आत दोन-तीन बिया. आधी भरपूर गोड लागतो, मग साल चावली की हिरड्या कोरड्या पडतात, कच्ची सुपारी चघळल्यासारख्या. तो कोरडेपणा म्हणजे टॅनिन. लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तो तिच्यात उतरतो. पांढरीसाठी रस आधीच वेगळा काढतात. हा एक मणी चावल्यावर पुढे चाखताना सांगणारा काय म्हणतोय ते पटापट कळायला लागतं.

चाखायची रीत अशी. पेला दांड्याला धरा, पोटाला नाही, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर धरून रंग बघा, हलकेच फिरवा, नाक आत घालून वास घ्या, मग छोटा घोट घेऊन तोंडभर फिरवा. आवडली नाही तर समोरच्या भांड्यात थुंकायची सोय असते, त्यात लाज नाही. क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी स्पार्कलिंग, मग पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, आणि गोड सगळ्यात शेवटी. वासाला नाव देताना पुस्तकी शब्दांच्या मागे लागू नका. सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनचा वास मला हिरवी मिरची मोडल्यासारखा येतो, नवऱ्याला पेरूसारखा. दोघंही बरोबर. आपापला शब्द वहीत लिहून ठेवा, परत वाचायला मजा येते.

आता खाणं. नाशिकला येऊन मिसळ न खाता जाणं शक्यच नाही, पण ती चाखायच्या दिवशी सकाळी खाऊ नका. काळ्या मसाल्याचा रस्सा जिभेवर दुपारपर्यंत रेंगाळतो. त्या दिवशी थालीपीठ-दही किंवा सायंतारा इथला साबुदाणा वडा पुरे. मिसळ तिसऱ्या दिवशी, निवांत. बारदान फाट्याजवळची साधना चुलीवरची मिसळ प्रसिद्ध आहे, रविवारी तिथे रांग असते. जुन्या नाशकात प्रत्येकाचं आपलं ठिकाण ठरलेलं असतं, तुमच्या टॅक्सीवाल्याला विचारा; तो ज्या उत्साहाने सांगेल त्यावरून निवडा. रस्सा आधी वेगळा चाखा, मग मटकीवर घाला. त्यानंतर बुधा हलवायाची जिलेबी, आणि घरच्यांसाठी कोंडाजी चिवडा.

वाइनबरोबर आपलं तिखट कसं जुळवायचं हे नवख्यांना कोणी सांगत नाही. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की दोन्ही वाढतात, तोंडाची आग होते. म्हणून झणझणीत शेवभाजीबरोबर जड लाल वाइन मागवू नका. किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन थंड करून घ्या, ती आग शमवते. काळ्या मसाल्याचं मटण मध्यम तिखट असेल तर शिराज ही लाल वाइन छान लागते, कारण तिच्यातच मिऱ्याचा वास असतो. कोथिंबीर वडी, भजी असं तळलेलं असेल तर स्पार्कलिंग. मांडे किंवा पुरणपोळी मिळाली तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन, अर्धा पेला. आणि लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्या असं जे सांगतात ते युरोपातल्या थंड खोल्यांबद्दल आहे. आपल्याकडे दुपारी तीही वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

चौथा दिवस: जव्हार, बिनवाइनचा

सकाळी नाशिक सोडा. पेट्रोल भरून घ्या. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असं साधारण ऐंशी किलोमीटर, सगळा घाट आणि साग. अंधार पडायच्या आत पोचायचं, कारण वळणं अरुंद आहेत. ब्रह्मगिरी डाव्या हाताला ठेवून उतरायला लागलं की द्राक्षबागा संपतात आणि वरई-नागलीची वावरं सुरू होतात.

हा दिवस मी मुद्दाम मध्ये ठेवते. पोटालाही सुट्टी लागते. जव्हारला मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा आहे, सूर्यास्त बघायची जागा आहे, आणि घरगुती मुक्काम मिळतो. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा: नागलीची भाकरी, उडदाची आमटी, लसणाची चटणी. नागलीची भाकरी गार झाली की कडक होते, म्हणून चुलीजवळच बसा आणि तव्यावरून थेट ताटात घ्या. मोहाच्या फुलांचे लाडू मिळाले तर घ्या. मोहाची दारू मात्र मागू नका. ती बेकायदा असते, आणि पाहुण्याला नाही म्हणायचा संकोच घरमालकावर येतो.

पाचवा आणि सहावा दिवस: डहाणू, बोर्डी

जव्हारहून कासा, चारोटी करत डहाणू. वाटेत विवळवेढेची महालक्ष्मी आहे, नव्या जोडप्याने तिथे थांबावं. डहाणूहून बोर्डी सतराएक किलोमीटर, समुद्र डावीकडे आणि चिकूच्या वाड्या उजवीकडे.

इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बोर्डीतली हिल झिल वाइनरी त्याच चिकूची वाइन बनवते, अननसाचीही. द्राक्षाच्या वाइनशी तिची तुलना करू नका. चांगली थंड करून, स्वतंत्र पेय म्हणून प्या. जाण्याआधी फोन करा.

या भागात पारशी आणि इराणी कुटुंबांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, काही ठिकाणी जेवणाची आणि राहायची सोय होते. सगळे धनसाक (डाळीत शिजवलेलं मटण) मागवतात. पण पारशी घरात धनसाक शुभकार्याला करत नाहीत. दुखवट्यानंतर चौथ्या दिवशी तो जेवायची रीत आहे. तुम्ही नुकतं लग्न झालेले आहात, तर पात्रा नी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेली मासळी) आणि लगन नु कस्टर्ड मागा. लग्नातले पदार्थ आहेत हे. आम्ही ते मागितल्यावर वाढणाऱ्या बाईंनी आमच्याकडे, मग माझ्या हिरव्या चुड्याकडे पाहिलं आणि कस्टर्डचा दुसरा तुकडा न विचारता आणून ठेवला.

मासळीसाठी डहाणूच्या बंदरावर होड्या लागायच्या वेळेला जा. पापलेट उत्तम मिळतं, २०२३ पासून तो राज्यमासा आहे. पण मी म्हणेन बोंबील खा. ताजा बोंबील हातात जेलीसारखा थरथरतो, बरंचसं पाणीच असतं त्यात. घरगुती खानावळीत तो उभा चिरून, काटा काढून, मीठ लावून पाट्याखाली दाबून ठेवतात. पाणी निथळलं की आलं-लसूण-मिरचीचं वाटण आणि वर तांदळाचं पीठ-रवा. तव्यावर टाकल्यावर पहिला चुरचुर आवाज जाऊन बारीक तडतड सुरू झाली की तो कुरकुरीत होतो. बाहेर कडक, आत लोण्यासारखा. नाशिकहून आणलेली स्पार्कलिंगची बाटली याच्यासाठी राखून ठेवायची. मात्र ती खोलीवरच उघडा, बोंबील बांधून आणा. किनाऱ्यावर किंवा कोणाच्या खानावळीत बाटली काढायची नाही.

बाटल्या आणि परतीचं सामान

चार-पाच बाटल्यांच्या वर घेऊ नका. बंद गाडीची डिकी दुपारी भट्टी होते आणि वाइन तिथे बिघडू शकते. जेवायला थांबलात तरी बाटल्या बरोबर घ्या, किंवा थर्माकोलच्या खोक्यात ओल्या टॉवेलात गुंडाळा. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते, बूच असेल तर आडवी ठेवा. घरी फ्रिजच्या वर ठेवू नका, तिथे सतत ऊब असते. कपाटाचा खालचा अंधारा कप्पा बरा.

आणि चिकू कच्चेच घ्या. बोर्डीच्या वाडीतून दोन किलो, घट्ट. घरी पोचल्यावर तांदळाच्या डब्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा, चार-पाच दिवसांत पिकतात. रोज बोटाने दाबू नका, काळे पडतात. देठाजवळ नाक नेऊन बघा. गुळाचा वास आला की त्या रात्री एक बाटली थंड करायला टाका.